तीस वर्षांची सिंगल ग्रेन व्हिस्की: पैसे मोजावेत का?

ओकप्रेमी:
भावाने एडिनबराहून आणलेली इन्व्हरगॉर्डन काल उघडली. स्कॉटलंडमधल्या त्याच नावाच्या डिस्टिलरीची सिंगल ग्रेन, म्हणजे एकाच डिस्टिलरीत गहू-मक्यासारख्या धान्यापासून केलेली व्हिस्की. १९८८ची, ३० वर्षं एकाच पिंपात मुरलेली. स्वतंत्र बॉटलरने, म्हणजे डिस्टिलरीकडून पिंपं विकत घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणाऱ्याने, पाणी न घालता, कॅरॅमलचा रंग न देता भरलेली. पहिला घोट जिभेला चटका देऊन गेला. पाण्याचे चार थेंब टाकले, दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवला, आणि ताज्या नारळाच्या वड्या थापताना येतो तो वास आला! ग्रेन म्हणजे ब्लेंडमधली (माल्ट आणि ग्रेन मिसळून केलेल्या व्हिस्कीतली) भर, असं वर्षानुवर्षं ऐकलं. मला ते साफ चुकीचं वाटतं.

माल्टनिष्ठ:
तो नारळ ग्रेनचा नाही हो, बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपाचा. ग्रेन ज्यात काढतात त्या कॉलम स्टिलमधून, म्हणजे सलग चालणाऱ्या उंच स्तंभातून, जवळजवळ ९४ टक्के अल्कोहोलचं मद्य निघतं, त्यात गव्हा-मक्याचं उरतं किती? पॉट स्टिलचा, म्हणजे तांब्याच्या हंड्यातून काढलेला माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) ७०च्या आसपास काढतात, म्हणून त्याला अंग असतं. तुम्ही लाकडाचे पैसे मोजलेत. तेवढ्यात अठरा वर्षांचा चांगला माल्ट आला असता.

ओकप्रेमी:
लाकूड तर माल्टलाही लागतंच. मद्य हलकं म्हणून तर पिंप एवढं स्पष्ट बोलतं, आणि त्याला दोन-तीन दशकं द्यावी लागतात. ग्रेनला व्हिस्की म्हणावं का, हा वाद १९०५ साली लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये कोर्टात गेला होता. १९०९ साली रॉयल कमिशनने (ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाने) ‘म्हणावं’ असा निर्वाळा दिला. आपण अजून तिथेच अडलोय.

क्लाइडकाठ:
एक मुद्दा राहतोय. स्कॉटलंडमधल्या ग्रेनच्या डिस्टिलऱ्या बघा: कॅलेडोनियन १९८८ला बंद पडली, कॅम्बस १९९३ला, पोर्ट डंडास २०१०ला. ब्लेंडसाठी भरलेली त्यांची पिंपं स्वतंत्र बॉटलरांनी उचलली नसती, तर ती चव कुठल्यातरी ब्लेंडमध्ये मिसळून गेली असती. मला ग्रेन आवडते ती यासाठी. पण नुसत्या वयाला भुलू नका. पिंप नवं आणि जोरकस असेल, तर चाळीस वर्षांत मद्य कडू, तुरट होतं. आधी पिंप कुठलं ते वाचा, मग वर्षं मोजा.

माल्टनिष्ठ:
बंद भट्ट्यांचं पटलं, ते जपायलाच हवं. पण कमिशनने नावाचा प्रश्न सोडवला, चवीचा नाही. इन्व्हरगॉर्डन तर आजही चालू आहे. तिच्यासाठी मी एवढे पैसे घालणार नाही.