मदत हवी आहे: फोर बाय फोरचं क्लच पेडल किरकिरतं, आवाज नेमका कुठून येतोय?

धागाकर्ता:

गाडी लॅडर फ्रेमवरची डिझेल फोर बाय फोर. हायड्रॉलिक क्लच, पेडल वरून लटकणारं, स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला. गाडी चिखलात आणि ओढ्याच्या पाण्यात नेहमी जाते.

क्लच दाबताना अर्ध्या वाटेवर 'किर्र' वाजतं, सोडताना तोच आवाज जरा बारीक येतो. थंड असताना कमी, गाडी तापली की जास्त. इंजिन बंद ठेवूनही येतो. गिअर व्यवस्थित पडतात, क्लच घसरत नाही, क्लचच्या डब्यातलं तेल उतरत नाही. पेडलच्या वरच्या टोकाला गंज सोडवायचा स्प्रे मारला की थोडा वेळ शांत, मग पुन्हा सुरू.

विचारायचं असं की यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल का? ग्रीस कुठलं वापरायचं? आणि बुश बदलायचे झाले तर पेडलचा अख्खा ब्रॅकेट बाहेर काढावा लागतो का?

प्रतिसाद १:

गिअरबॉक्सचा विचार सध्या बाजूला ठेवा. इंजिन बंद असताना आवाज येतो म्हणजे फिरणारे भाग संशयातून सुटले: रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इनपुट शाफ्टचं बेअरिंग. रिलीज बेअरिंग इंजिन चालू असताना, पेडल दाबून धरल्यावर सलग घरघरतं. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचं उलट असतं, न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना वाजतं आणि क्लच दाबला की थांबतं. तुमचं दोन्हीत बसत नाही.

उरलं ते नुसत्या हालचालीने वाजणारं. पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्हटचे बुश (आतल्या रिंगा), रिटर्न स्प्रिंगची टोकं, पेडलला मास्टर सिलिंडरशी जोडणाऱ्या पुशरॉडची क्लेव्हिस पिन, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील, स्लेव्हच्या रॉडचं टोक आणि बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा, ज्या गोल डोक्यावर टेकतो ते टोक. पत्र्यातून आवाज पसरतो, त्यामुळे सीटवर बसून जागा कळत नाही. खाली पायाच्या जागेत डोकं घालून पेडल हाताने, अगदी सावकाश दाबा. हातभर लांब रबरी नळी घ्या, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका जोडाजवळ. दुसऱ्या कुणाला पेडल दाबायला सांगून हीच नळी गाडीखालून स्लेव्हपाशी लावून बघा.

यातूनही खात्री पटली नाही तर क्लेव्हिस पिन काढून यंत्रणेचे दोन भाग करा. पिन काढल्यावर पेडल एकटं हलवा. वाजलं तर दोष पेडल आणि ब्रॅकेटमध्ये, शांत राहिलं तर मास्टर सिलिंडरपासून पुढे.

यात एक मेख आहे. पिन काढली की पिव्हटवरचा बोजा जातो आणि झिजलेला बुशही गप्प बसू शकतो. पेडलचं गुणोत्तर साधारण ६:१ धरलं तर पायाने १० किलोचा दाब दिल्यावर पुशरॉडवर ६० किलो जातो आणि पिव्हटवर जवळपास ५० किलो येतो. तो बोजा चाचणीतही हवा. म्हणून पेडलचा दांडा वर, क्लेव्हिसच्या भोकाजवळ एका हाताने ड्रायव्हरच्या दिशेने जोरात ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने पॅड मागेपुढे करा. बुश कोरडा असेल तर आता बोलेल.

पिन काढण्याआधी रिटर्न स्प्रिंग कशी आहे ते बघा. काही गाड्यांत ती मध्यबिंदू ओलांडला की पेडल खाली खेचणारी असते. पुशरॉड सुटलेला असताना असं पेडल धाडकन खाली जातं. तिथे बोटं नकोत.

प्रतिसाद २:

स्प्रेने आवाज थांबला म्हणून पिव्हटच दोषी असं लगेच धरू नका. तो पातळ असतो, ओघळत स्प्रिंग आणि क्लेव्हिसवरही उतरतो. तिन्ही जागा एकदम ओल्या झाल्या तर कुठली गप्प झाली हे कसं कळणार?

शिवाय स्प्रे आता पूर्ण बंद करा. त्यात बहुतांश उडून जाणारं द्रावक असतं. बुशमध्ये शिल्लक असलेलं ग्रीस ते पातळ करून बाहेर काढतं, द्रावक उडतं आणि मागे फार पातळ थर राहतो. चिखलाची बारीक माती त्या ओलसर थराला चिकटून आत जाते. म्हणून दर वेळी आवाज थोडा आणखी लवकर परततो. पुशरॉडच्या रबरी बुटावरही पेट्रोलियमचा स्प्रे जाऊ देऊ नका. ब्रेक ऑइलवर चालणारी सीलं अशा तेलाने फुगतात.

धागाकर्ता:

चाचणी केली. पिन काढून पेडल नुसतं हलवलं तर आवाज अगदी मंद. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दांडा मागे ओढून धरला की तोच 'किर्र', त्याच जागी. पुशरॉड हाताने दाबला तर आवाज नाही, मास्टरचा बूट कोरडा आहे. पॅड डावी-उजवीकडे ६-७ मिमी हलतं. बुशच्या कडेला तपकिरी लुकण साचलं आहे.

प्रतिसाद ३:

मग निदान झालं. पॅडवर एवढा आडवा खेळ असेल तर नुसतं ग्रीस भरून भागणार नाही, बुश बदलाच. ते तपकिरी लुकण म्हणजे जुनं ग्रीस, माती आणि लोखंडाची झीज. त्यावर नवं ग्रीस चढवलं तर शाफ्ट घासायला चांगली पेस्टच तयार होते.

तापल्यावर आवाज वाढण्याचं कारणही इथेच आहे. बुशचं नायलॉन लोखंडापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं आणि पाणी शोषूनही थोडं फुगतं. पायाजवळची जागा तापली की बुश शाफ्टला आवळतो. त्यात जुनं ग्रीस पातळ होऊन निघून गेलेलं असतं.

आणायचं सामान: दोन्ही बुश, बुशमधून जाणारी स्टीलची स्लीव्ह (नळी), क्लेव्हिस पिन, तिची स्प्लिट पिन किंवा क्लिप आणि पिव्हट बोल्टचा नवा सेल्फ-लॉकिंग नट. बुश जोडीनेच बदला. एकच नवा घातला तर पेडल तिरकं बसतं आणि नव्याची एकच कड घासते.

गाडी सपाट जागी, चाकांना अडण, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण पेडलजवळ स्विचची वायरिंग असते आणि काही गाड्यांत गुडघ्यासमोर एअरबॅगही असते. डॅशखालचं पॅनल उतरवा. सगळ्या जोडाचा फोटो काढा, स्प्रिंगची दोन्ही टोकं कुठल्या भोकात आहेत ते फोटोत दिसलं पाहिजे. क्लच स्विच काढताना त्याचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा.

स्प्रिंगला हात लावताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ताणाची स्प्रिंग असेल तर ती ताणलेली असताना वेटोळ्यांच्या फटीत पातळ वॉशर सरकवा, सैल सोडल्यावर ती लांबच राहते आणि हूक सहज निघतो. दाबाची असेल तर पेडल कुठे असताना तिच्यावर सर्वांत कमी ताण येतो ते शोधून तिथेच काढा. पक्कड लावून जबरदस्तीने उपटू नका.

मग नट काढून बोल्ट सरकवा. तुमचा शेवटचा प्रश्न इथे येतो. बोल्ट बाहेर येताना स्टिअरिंग कॉलमच्या ब्रॅकेटला अडला तरच पेडलचा ब्रॅकेट सैल करावा लागतो, एरवी नाही. ब्रेक आणि क्लचची पेडलं एकाच शाफ्टवर असतील तर मात्र ब्रेकचं पेडलही सुटतं. अशा वेळी त्याची पिन, क्लिप आणि ब्रेक लाइटचा स्विच जोडल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पेडल हातात आलं की बुश बोटाने किंवा जाड ड्रायव्हरने ढकलून काढा. आतली झीज बघा, भोक लंबगोल झालेलं दिसेल. दाबताना पेडलचं वरचं टोक शाफ्टवर ड्रायव्हरच्या दिशेने रेटलं जातं, त्यामुळे इंजिनकडची आतली भिंत जास्त खाल्ली जाते. पेडलची नळी आणि शाफ्ट ब्रेक क्लीनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने कोरडं होईपर्यंत पुसा. स्प्रे थेट डॅशच्या प्लॅस्टिकवर मारू नका.

ग्रीस: नायलॉन बुशला सिलिकॉन ग्रीस किंवा प्लॅस्टिकला चालेल असं लिहिलेलं सिंथेटिक ग्रीस, दोन्ही बुशना मिळून २-३ ग्रॅम. स्लीव्हवर बाहेरून सगळीकडे पातळ थर, बुशच्या कॉलरवर थोडं. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर तिथेच माती धरते. क्लेव्हिस पिन लोखंडावर लोखंड आहे, तिला मॉलिब्डेनमचं ग्रीस उत्तम. स्प्रिंगच्या दोन्ही हुकांनाही तेच. पुशरॉडच्या रबरी बुटाला लावायचंच असेल तर फक्त सिलिकॉन किंवा लाल रबर ग्रीस.

जोडताना लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते स्लीव्हच्या लांबीत. बुश बसवल्यावर स्लीव्ह दोन्ही कॉलरांच्या बाहेर किंचित, ०.२-०.३ मिमी तरी आली पाहिजे. नट आवळल्यावर ब्रॅकेटने स्लीव्हला पकडायचं असतं, पेडलला नाही. स्लीव्ह तोकडी पडली तर बुशच चिमटतात, पेडल जड होतं आणि नवीन बुश वाजायला लागतात. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. स्प्रिंग आणि पुशरॉड जोडण्याआधी पेडल हाताने वर उचलून सोडा. ते स्वतःच्या वजनाने अडखळत खाली आलं तर पुन्हा खोला. न अडखळता आलं आणि आडवा खेळ जाणवला नाही, तर पुढचं जोडा.

धागाकर्ता:

स्लीव्हवर एका बाजूला नखाला लागेल अशी खाच आहे. पॉलिश पेपरने साफ करून वापरता येईल का? आणि नायलॉनऐवजी ब्राँझचे बुश टर्न करून घेतले तर जास्त टिकतील का?

प्रतिसाद ३:

नखाला लागते म्हणजे स्लीव्ह बदला. ६०० नंबरचा पेपर फक्त गंजाचे डाग आणि बारीक ओरखडे काढायला. खाच जाईपर्यंत घासलीत तर व्यास कमी होतो आणि नव्या बुशमध्येही ढिलाई राहते.

प्रतिसाद ४:

ब्राँझबद्दल. नायलॉन मऊ असल्यामुळे वाळूचा कण त्यात रुततो आणि तिथून शाफ्ट कापत राहतो. तुमच्या स्लीव्हची खाच बहुधा अशीच पडली असणार. तेल मुरवलेले ब्राँझ बुश बोजा चांगला पेलतात, पण मोजमापात सवलत देत नाहीत. १२ ते १६ मिमीच्या शाफ्टला ०.०५ ते ०.१ मिमी खेळ पुरेसा. पेडलच्या नळीत दाबून बसवल्यावर बुशचं भोक आवळतं, त्यामुळे बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवावाच लागतो. कॉलर असलेलेच करून घ्या. आणि माती आत येत राहिली तर ब्राँझही वाजेल, म्हणून दोन्ही कडांना पातळ ओ-रिंग बसायला जागा आहे का ते बघा. एवढी खटपट करायची नसेल तर मूळचे नायलॉन बुश वापरून ते वेळेवर साफ करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रतिसाद ५:

ज्यांचा आवाज क्लेव्हिस पिन काढल्यावर बोजा देऊनही येत नाही त्यांच्यासाठी. मास्टर सिलिंडरचं सील कोरडं पडलं असेल तर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) दबका, कण्हल्यासारखा आवाज येतो. बूट उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर किंवा त्याचं किट बदलून तेलातली एअर (हवा) काढा. बाहेरून तेल सोडणं हा उपाय नाही.

आवाज गाडीखाली येत असेल तर आधी स्लेव्हच्या रॉडचं टोक पुसून ग्रीस लावा. तरीही राहिला तर फोर्कचा गोल पिव्हट. फोर्कचा रबरी बूट फाटला की खोल पाण्यात बेल हाउसिंगच्या आत गाळ जातो आणि तो पिव्हट कोरडा होतो. बूट काढून बारीक नळीने त्या गोल डोक्यावर उच्च तापमानाचं मॉलिब्डेनम ग्रीस हरभऱ्याच्या दाण्याएवढं सोडता येतं, त्याहून जास्त नाही. आत स्प्रे तर कधीच मारू नका. तो क्लच प्लेटवर उडाला तर क्लच घसरायला लागतो आणि मग खरोखर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला बेल हाउसिंगच्या तळच्या भोकात पाण्यात जाण्यापूर्वी प्लग बसवायची सोय आहे. तसा प्लग असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर काढायला विसरू नका, आत झिरपलेलं पाणी आणि तेल त्याच भोकातून निघून जातं.

'किर्र' नसून 'कट्' असा एकच ठोका येत असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट बघा. नंतर कुणाला पेडल दाबायला सांगून बॉनेटखालून फायरवॉलवर नजर ठेवा. मास्टर सिलिंडर पत्र्यासकट पुढे सरकताना दिसला तर स्पॉट वेल्ड सुटलेत किंवा पत्र्याला चीर आहे. ते वेल्डिंगचं काम आहे, आणि टाळण्यासारखं नाही.

धागाकर्ता:

नवे नायलॉन बुश, स्लीव्ह आणि पिन बसवली. आवाज गेला, आडवा खेळही गेला. पण पेडल आता ब्रेकच्या पेडलपेक्षा थोडं वर थांबतंय आणि सुरुवातीचा मोकळा खेळ जवळपास शून्य वाटतो. असंच चालवलं तर चालेल?

प्रतिसाद ३:

नाही, हे आधी बसवा. झिजलेल्या बुशमुळे आणि पिनमुळे आलेली ढिलाई पूर्वी कुणीतरी पुशरॉड लांब करून भरून काढलेली असू शकते. आता ढिलाई गेली आणि रॉड लांबच राहिला. रॉड पिस्टनला कायम टेकून राहिला तर तेल डब्यात परत जायचं छिद्र उघडत नाही. गरम झाल्यावर तेल फुगतं, दाब आत अडकतो, रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि चढावर क्लच घसरतो.

आधी स्विच किंवा स्टॉपरने पेडलची उंची लावा. मग पुशरॉडचा लॉकनट सैल करून रॉड अर्धा-अर्धा फेरा आखूड करा आणि पॅड बोटाने दाबून बघत जा. रॉड पिस्टनला टेकण्याआधी पॅडवर काही मिलिमीटरची मोकळी हालचाल हवी, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. लॉकनट आवळताना रॉड पान्याने धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. शेवटी इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघा. गिअर करकरला तर रॉड जास्त आखूड झालाय, पाव फेरा परत द्या. स्प्लिट पिनची टोकं वाकवल्याची खात्री केल्यावरच पॅनल लावा.