मदत हवी आहे: झुडपी माळावरच्या दुर्मीळ कोळी-कीटकांची पाहणी, सापळ्यांत नुसत्या मुंग्या येतात

धागाकर्ता:
१२ हेक्टरचा झुडपी माळ आहे. काटेरी झुडपं, मधे उघडी माती, दगडांचे ढीग. 'पडीक आहे, साफ करू' असं चाललंय. त्याआधी तिथे जपण्याजोगं काय राहतं ते दाखवायचं आहे. दोन आठवडे २० पिटफॉल सापळे लावले: जमिनीत पुरलेले प्लास्टिकचे पेले, आत मिठाचं पाणी, एका रेषेत दोन-दोन मीटरवर. मुंग्या आणि काळे भुंगेरे ढिगाने, कोळी फक्त ३१, त्यात २३ पिल्लं. स्वीप नेट (झुडपांवरून फिरवायची जाळी) काट्यांत फाटली. चुकतंय कुठे? पिल्लांवरून प्रजाती ठरते का? 'दुर्मीळ काही नाही' म्हणायला किती नमुने लागतात? आणि झुडपं तोडलीच तर काय राखायचं?

प्रतिसाद १:
आधी पेल्याची कड बघा. ती मातीच्या वर दोन मिलिमीटर जरी राहिली तरी कोळी तिला वळसा घालून जातात. एकात एक असे दोन पेले पुरा. आतला उचलून रिकामा करता येतो आणि भोवतीची माती ढासळत नाही. खणल्यावर काही दिवस सापळा झाकून ठेवा, कारण उकरलेल्या मातीकडे मुंग्या आणि भुंगेरे आधी धावतात. तुमचा बराचसा ढीग त्यातलाच असणार. अंतर किमान पाच मीटर, दहा असेल तर उत्तम.

मिठाचं पाणी उन्हात आटतं. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, एक तृतीयांश पेला, आणि बिनवासाच्या डिटर्जंटचा एक थेंब. थेंब नसेल तर हलके कोळी पृष्ठभागावरच तरंगत राहतात. एथिलीन ग्लायकॉल कृपा करून वापरू नका, ते गोड लागतं आणि पिणारा प्राणी मरतो. वर तीन सेंटिमीटर उंचीवर छप्पर, तोंडावर सरडे-बेडूक अडतील अशी तारेची जाळी.

हेही लक्षात घ्या की पिटफॉलमध्ये सापडतो तो जमिनीवर हिंडणारा जीव, त्यातही जोडीदार शोधत फिरणारे नर जास्त. झुडपात राहणारे यात येणारच नाहीत.

प्रतिसाद २:
काटेरी झुडपांना स्वीप नेट नाही, बीटिंग. एक मीटर चौरस पांढरं कापड दोन आडव्या-उभ्या काठ्यांवर ताणा, फांदीखाली धरा आणि जाड काठीने तीन-चार जोरदार फटके द्या. हळूहळू हलवलंत तर कोळी फांदीला घट्ट धरून बसतात. पहिल्या दहा सेकंदांत उड्या मारणारे कोळी आणि उडणारे कीटक टिपा. मग थांबा. कचरा समजून झटकणार असता तो तपकिरी ठिपका अर्ध्या मिनिटाने एकेक पाय सोडतो. खेकडा-कोळी असा मेल्यासारखा पडून राहतो. दव वाळल्यावरच बीटिंग करा, ओल्या कापडाला जीव चिकटून चिरडतात.

रात्री हेडटॉर्च कपाळावरच हवा. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांतून प्रकाश आला त्याच दिशेला परत जातो, टॉर्च कमरेला असेल तर ती हिरवट चमक दिसत नाही. पालापाचोळा एक सेंटिमीटरच्या चाळणीतून पांढऱ्या ट्रेमध्ये चाळा.

उताराच्या बांधावर, मुळांपाशी ट्रॅपडोअर कोळ्यांची (बिळाच्या तोंडाला झाकण करणारे कोळी) झाकणं शोधा: मातीत नखाएवढी चंद्रकोरीची रेघ. खणू नका. झाकणं मोजा, खुणेची काडी रोवा. ऑस्ट्रेलियात 'नंबर १६' नावाने १९७४ पासून पाहिलेली मादी ४३ वर्षं जगली, तीही एकाच बिळात. अशी एक मादी बाटलीत गेली तर ती जागा भरून यायला फार काळ लागतो. झाकणं दिसली तर आसपास द्रवाचे सापळे बंद करा, नाहीतर हिंडणारे नर बुडून मरतील. कोरडे लावा, आत ओला पाला टाका आणि रोज उजाडताच तपासा.

प्रतिसाद ३:
२३ पिल्लं कुळापर्यंत, फार तर वंशापर्यंत जातील. प्रजातीला प्रौढच लागतो: मादीचं एपिगायनम (पोटाखालचा जननावयव), नराचे पाल्प (तोंडाजवळचे छोटे पायासारखे अवयव). पाल्प फुगलेले पण गुळगुळीत असतील तर त्या नराची शेवटची कात बाकी आहे. त्याला मारू नका. हवेशीर डबीत ओला कापूस आणि फळमाश्या देऊन ठेवा. कात टाकली की नाव ठरतं, आणि नाव ठरल्यावर तिथेच परत सोडता येतो. ठेवायचाच झाला तर ७० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी एक पाय ९५ टक्क्यांत. लेबल पेन्सिलीने, बाटलीच्या आत: अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, गोळा करणारा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

प्रतिसाद ४:
'नाही' असं कधीच लिहू नका, 'इतक्या तासांत आढळलं नाही' असं लिहा. एक तास, एक माणूस, एक पद्धत म्हणजे एक नमुना. ही रीत कोडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कोळ्यांसाठी मांडली. फक्त प्रौढ मोजा. समजा ४८ प्रजाती मिळाल्या, त्यातल्या १६ एकेकदाच आणि ८ दोनदा. चाओ अंदाज (न दिसलेल्या प्रजाती किती असतील याचं सूत्र): १६ चा वर्ग भागिले ८ ची दुप्पट, म्हणजे १६. एकूण किमान ६४, म्हणजे चौथा हिस्सा अजून दिसलेलाच नाही. वेगवेगळ्या ऋतूंत किमान तीन फेऱ्या हव्यात, कारण सगळे एकाच वेळी प्रौढ होत नाहीत. तुमच्या एका फेरीवर निकाल देणं त्या माळावर अन्याय आहे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सापळे आजच काढतो. तोडणीबद्दल कुणी सांगेल का? पूर्ण थांबवणं माझ्या हातात नाही.

प्रतिसाद २:
सापळे काढलेत तर खड्डे बुजवा, उघडा पेला वर्षभर मारत राहतो.

तोडणीसाठी तुकडे पाडा. माझं मत: वर्षाला दहावा हिस्सा, तोही सलग नको, आणि शेजारचा तुकडा पुन्हा दाट झाल्याशिवाय पुढचा नको. कडा नागमोडी ठेवा. वारा अडतो तिथे ऊन साचतं आणि कीटक तिथेच जमतात. जुनी जाड खोडं, वाळलेल्या फांद्या, पोकळ देठ राखा. तोडलेलं उघड्या मातीवर टाकू नका, जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांना ती ऊन लागणारी मातीच हवी असते. जाळणं नको. मोकळी जागा दिसते म्हणून झाडं लावणंही नको, सावली आली की माळावरचे जीव जातात. फुलपाखरांच्या अळ्यांची खाद्य झुडपं फीत बांधून आधीच वेगळी करा.

कोळी हलवणं शेवटचा उपाय. ब्रिटनमध्ये लेडीबर्ड कोळ्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांत शेवाळ भरून बिळं करू दिली आणि बाटलीसकट नव्या माळावर पुरली. त्यामागे बरीच वर्षं पैदाशीचं काम होतं, तोडणीच्या आदल्या आठवड्यात ते जमत नाही.

बिळांचे अचूक अक्षांश-रेखांश अहवालाच्या जाहीर प्रतीत घालू नका, मोठे कोळी विकणारे तेच शोधत असतात. नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन पुरतो.