उत्तर: रिमॅपनंतर आयडलिंग डळमळतंय

रिमॅप केल्यापासून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधन वगैरेचा तक्ता (मॅप) बदलल्यापासून, तुमची गाडी गरम झाली की सिग्नलला बंद पडते, म्हणून वर एकाने आयडल आरपीएम (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवायचा सल्ला दिलाय. त्याने दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही. आधी मूळ मॅप परत टाकून बघा. तरी आरपीएम वर-खाली होत असेल तर नवा मॅप निर्दोष. मग थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागाच्या) व्हॅक्यूम नळ्या आणि त्यांची रबरी टोपणं एकेक दाबून पाहा. एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) उघडला असेल तर एखादं टोपण निसटलेलं किंवा चिरलेलं असू शकतं. मूळ मॅपवर शांत चालली, तर ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) नव्या मॅपमधल्या बंद थ्रॉटलच्या, कमी आरपीएमच्या रकान्यांतलं इंधन तपासायला सांगा. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलचा आलेख झकास येतो, या कोपऱ्याकडे बघतंय कोण! ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बंद केला असेल तर हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप सावरणारही नाही.