लालबाग ते लोअर परळ पायी: जुनं गिरणगाव कुठे दिसेल?

प्रश्न: रविवारी पुण्याहून दोघं येतोय. लोअर परळचे मॉल-कॅफे ठाऊक आहेत. मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांचं काय उरलंय आणि कुठून चालायला सुरुवात करावी? घरी मसालाही न्यायचाय.

उत्तर १: लोअर परळ शेवटी ठेवा. करी रोड स्टेशनला उतरा, पूर्वेला भारतमाता सिनेमाचा चौक आणि पुढे लालबाग मार्केट. तिथून परत करी रोडच्या पुलावरून ना. म. जोशी मार्ग, मग डिलाईल रोडच्या पुलावरून पलीकडे लोअर परळला. मात्र रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही रेल्वेमार्ग बंद) आदल्या दिवशीच बघा. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की करी रोड, चिंचपोकळीला थांबत नाहीत. तेव्हा परळला उतरायचं.

उत्तर २: लालबाग मार्केटमधल्या मसाल्याचं. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. मिरची देठं काढलेलीच मागा. मसाला भाजून, डंखावर (कुटायच्या यंत्रावर) कुटून मिळतो, पण मार्च ते मे रांग मोठी असते, म्हणून आधी तिथे नंबर लावा आणि मग फिरा. कुटलेला मसाला गरम असतो. लगेच पिशवीचं तोंड बांधलंत तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि मसाला लवकर खराब होतो. निवेपर्यंत उघडा ठेवा.

उत्तर ३: फिनिक्स मॉलच्या (पूर्वीची फिनिक्स गिरणी) आवारात आधी चिमणी बघा, दुकानं नंतर. जुन्या शेडचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर कुठे दिसलं तर काचा कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. त्या उत्तरेला असत. थेट ऊन साच्यावर (यंत्रमागावर) पडत नाही, दिवसभर एकसारखा उजेड राहतो आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. आवारं खासगी आहेत. मोठा कॅमेरा काढलात की रखवालदार अडवतात.

उत्तर ४: मॉलच का उरले, हेही कळायला हवं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८नुसार गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एकतृतीयांश मोकळ्या जागेला, एकतृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१च्या बदलानंतर ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीला लागू झाली. शेडखालची जमीन त्यातून सुटली, आणि गिरण्यांमध्ये शेडनीच तर बहुतेक जागा व्यापलेली! सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो बदल कायम ठेवला.

आणि उरलेल्या बीडीडी चाळींसमोरून (ब्रिटिशकाळातल्या सरकारी चाळी) जाल तेव्हा आतल्या सामायिक बोळात शिरून फोटो काढू नका. १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्यांचं अर्धं घर त्या बोळातच असतं.