मदत हवी आहे : हिवाळ्यात गाविलगड-चिखलदऱ्याला पायी फिरण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

मी आजवर जंगल पाहिलं ते पावसाळ्यातच. गेल्या जानेवारीअखेर मात्र चिखलदऱ्याला गेलो आणि पानगळीच्या जंगलाने वेड लावलं. सागाची पानं गळाल्यामुळे एरवी न दिसणाऱ्या दऱ्या थेट नजरेस पडत होत्या. ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, सालईचे सुटणारे पापुद्रे आणि उतारावर एकटाच उभा, पांढराफटक भुत्या वृक्ष! त्या झाडापाशी आम्ही किती वेळ थांबलो कोण जाणे. पायाखाली वाळक्या सागपानांचा आवाज इतका, की थांबल्याशिवाय पक्षी ऐकूच येत नाहीत.

यंदा आईला (वय ६२, रोज पाच किलोमीटर चालते) न्यायचं आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्पात मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही, हे माहीत आहे. म्हणून विचारतो: गाविलगडाव्यतिरिक्त परवानगीने चालता येईल अशी वाट कोणती? नरनाळा किल्ला तिला झेपेल का? स्थानिक कोरकू आदिवासी वाटाड्या कुठे भेटेल? आणि पानांखाली झाकलेल्या सुट्या दगडांवरून उतरताना तुम्ही कोणते बूट वापरता? मागच्या वेळी माझा पाय दोनदा घसरला, आईच्या बाबतीत तो धोका नको.

पळस फुलायच्या आत जायचं म्हणतोय.