मदत हवी: बोरिवलीत आत्ताच घर घ्यावं की मुलीला भाड्याने राहू द्यावं?

मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. लेकीला गोरेगावला नोकरी लागली आहे. बोरिवली सोयीची, कारण इकडच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. ह्यांचं म्हणणं, भाड्याचे पैसे पाण्यात जातात. मांजलपूरचा प्लॉट विकू, वर कर्ज काढू आणि तिथे वन बीएचके घेऊन टाकू. मला घाई नको वाटते.

पूर्वेला एका जुन्या इमारतीत भाड्याचं घर पाहिलं. तेवढ्याच घराची किंमत तिथे एक कोटीच्या आसपास सांगतात आणि भाडं २७,०००. म्हणजे मालकाला वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के सुटतात, त्यातून मेंटेनन्स जायचा. आम्ही ७० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी काढलं आणि व्याज साडेआठ टक्के धरलं, तर हप्ताच ६०,००० च्या वर जातो. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के. मुलीच्या नावावर घेतलं तर १ टक्का वाचतो, तरी ५ लाख जातातच.

पण माझी खरी शंका वेगळी आहे. त्या इमारतीत जिन्याखालच्या बोर्डावर रिडेव्हलपमेंटसाठी, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी, विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली होती आणि समोरची इमारत तर रिकामी होऊन हिरव्या जाळीत गेलेली. ५१ टक्के सभासदांची संमती मिळाली की सोसायटी पुढे जाते. मग नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर सभासदांना भाडं देतो, आणि पोरांच्या शाळा बदलायला नकोत म्हणून ही कुटुंबं तिथेच आसपास घरं शोधतात. भाडी चढण्याचं मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं. तसं असेल तर टॉवर उभे राहिल्यावर हीच माणसं आपापल्या घरी परतणार, शिवाय विक्रीचे नवे फ्लॅटही बाजारात येणार. मग आज चढ्या भावाने कर्ज का डोक्यावर घ्यायचं?

भाड्याच्या घराचीही एक काळजी आहे. मालक ११ महिन्यांचा करार देतो, पण इमारत खाली करायची झाली तर महिन्याभरात निघायचं म्हणतो. बिल्डरचं भाडं त्याला मिळणार, भाडेकरूला काही नाही. एजंट म्हणतो, नोटरी पुरे. आमच्याकडे तसं चालतं, पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे असा ११ महिन्यांचा भाड्याचा) करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. पोरगी एकटी राहणार, त्यामुळे यात मी तडजोड करणार नाही.

बोरिवली-कांदिवलीकरांनी कृपया सांगावं: तुमच्या गल्लीत टॉवरचा ताबा मिळाल्यावर भाडी उतरली, निदान थांबली तरी का? दोन महिन्यांच्या नोटिशीची अट मालक मान्य करतात का? आणि रिडेव्हलपमेंट आधीच होऊन गेलेल्या इमारतीत भाडं साधारण किती जास्त पडतं?

प्लॉटला गिऱ्हाईक आलं आहे, त्याला दिवाळीच्या आत हो-नाही कळवायचं आहे.