नुसता कोड पुरणार नाही

बरेच जण म्हणतात की गिटहबने (प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीत फिल्मवर उतरवून कोड ठेवलाय म्हणजे हजार वर्षांची काळजी मिटली. फिल्मचं काम भारीच आहे, २ फेब्रुवारी २०२० चा स्नॅपशॉट (त्या दिवशी होता तसा कोड), २१ टेराबाइट डेटा, १८६ रिळं आणि सोबत डोळ्यांनी वाचता येईल अशी गाईड, ती तर मला सगळ्यात आवडली. पण सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर) टिकला म्हणजे सॉफ्टवेअर टिकलं असं होत नाही ना. तो चालवायला कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) लागतो, कंपायलर पण कोडच, त्याला अजून आधीचा कंपायलर, मग लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणि त्यांची नेमकी व्हर्जन्स, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसरचं मॅन्युअल, यातलं एखादं जरी हरवलं तरी सगळं अडतं. दहा वर्षं जुना प्रोजेक्ट आज बिल्ड करायला (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला) घ्या, कुठली ना कुठली डिपेंडन्सी (तो ज्यावर अवलंबून आहे असा कोड) गायब असतेच.

चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ च्या गायडन्स कॉम्प्युटरचा (यानाला दिशा देणारा कॉम्प्युटर) कोड बघा. कागदावरचे प्रिंटआउट राहिले म्हणून तो मिळाला, पण आज चालतो तो त्या मशीनची कागदपत्रंही राहिली आणि लोकांनी त्यावरून एम्युलेटर (त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिला म्हणून!

म्हणून मला सॉफ्टवेअर हेरिटेज हा सोर्स कोड जपणारा प्रकल्प जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सच्या इनरिया या कॉम्प्युटर संशोधन संस्थेने तो २०१६ मध्ये जाहीर केला, ते कोडबरोबर कमिट हिस्टरी (प्रत्येक बदलाची नोंद) पण साठवतात, म्हणजे कुठली ओळ कधी आणि का बदलली ते कळतं (कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतच्या टिपा, नीट लिहिल्या असतील तर). तुमचा रेपो (प्रोजेक्टचा कोड जिथे साठवलाय ती जागा) तिथे आहे का शोधा, नसेल तर 'सेव्ह कोड नाऊ' मध्ये लिंक टाका, ते घेतात.